व्हॅनिला

(लॅ. व्हॅनिला प्लॅनिफोलिया, कुल–ऑर्किडेसी). आमर (ऑर्किड) कुलातील एक बहुवर्षायू, सदाहरित, मांसल वेल. हिच्या पूर्ण वाढलेल्या फळांवर प्रक्रिया करून व्हॅनिला हे सुप्रसिद्ध स्वादद्रव्य मिळवितात. ही फळे वनस्पतिशास्त्रदृष्ट्या बोंडे असली, तरी व्यापारात व व्यवहारात त्यांना शेंगाच म्हणतात. आमर कुलात २५,००० हून अधिक जाती असून त्यांपैकी बहुतेक लागवडीतील जाती फुलांच्या शोभेसाठी जोपासल्या जातात. फळासाठी मोठ्या प्रमाणावर लागवड होते ती मात्र व्हॅनिला प्रजातीचीच. ह्या प्रजातीत शंभराहून अधिक जाती असून त्या सर्व उष्ण कटिबंधांत आढळतात. व्यापारी उत्पादनाचा फार मोठा भाग प्रस्तुत जातीपासून मिळतो. ताहिती व्हॅनिला हा प्रस्तुत जाती व व्हॅनिला ओडोराटा ह्यांच्या संकरातून निर्माण झालेला प्रकार असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसून आले. व्हॅनिला पॉम्पोना ह्या जातीच्या शेंगा आखूड व जाड असून त्यांचा उपयोग मुख्यतः सुगंधी द्रव्यांत होतो.

ही वेल मूळ प्रदेशाबाहेर आपणहून सहसा फळ धरीत नाही. लागवडीतील प्रत्येक शेंगेमागे एका फुलाचे हाताने केलेले परागण असते. पिकाचा इतिहास, लागवडीची पद्धती, मालाची किंमत व पिकाला असलेले धोके ह्या सर्वांचा उगडा ह्या एका गोष्टीवरून होतो.

मूलस्थान : दक्षिण व आग्नेय मेक्सिको, ग्वातेमाला, बेलीझ आणि लगतच्या मध्य अमेरिकी प्रदेशांतील सखल भागातील उष्ण, दमट सदापर्णी वर्षावने ही ह्या वेलीची मूळ वसतिस्थाने होत. तेथे ती झाडांच्या विरळ सावलीत, पालापाचोळ्याने समृद्ध अशा जमिनीत उगवून वृक्षांच्या आधाराने वर चढते. पुढे जमिनीतील भाग मेला, तरी हवेतील मुळांच्या साहाय्याने ती जिवंत राहू शकते; त्यामुळे तिला अर्धवट अपिवनस्पती (दुसऱ्या वनस्पतीवर केवळ आधारासाठी वाढणारी वनस्पती) मानतात. निसर्गात तिच्या वेली अत्यंत विरळ आढळतात.

वर्णन : खोड दंडगोलाकृती, हिरवे, रसाळ, १ ते २ सेंमी. जाड व शाखायुक्त असून मोकळी वाढू दिल्यास वेल १० ते १५ मी. वा त्याहूनही लांब होते. प्रत्येक पेरावर एक पान व त्याच्या विरुद्ध बाजूस एक वा दोन पांढरट आगंतुक मुळे असतात. त्यांच्या योगे वेल आधाराला घट्ट चिकटते. पाने साधी, एकाआड एक, जवळजवळ बिनदेठाची, सपाट, मांसल, लांबट, टोकदार, ८ ते २५ सेंमी. लांब व २ ते ८ सेंमी. रुंद असतात. जमिनीतील मुळे वरच्या थरातच, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात पसरतात व त्यांचे कवकांशी साहचर्य असते.

फुलोरा पानाच्या बगलेत येणारी आखूड मंजरी असून तीवर साधारणतः १५ ते २० फुले येतात. फुले मोठी, पिवळसर हिरवी व मेणासारखी असतात. एका मंजरीवर दररोज एक ते तीन फुलेच उमलतात. फूल पहाटे उमलते व दुपारपर्यंत कोमेजू लागते. ते पुन्हा उमलत नाही. संदले तीन व प्रदले तीन. त्यांपैकी एका प्रदलाचे नळीसारख्या ओष्ठात रूपांतर झालेले असते. ओष्ठ मधल्या स्तंभाला वेढून असतो. स्तंभाच्या टोकाशी परागकोश व त्याच्या लगेच खाली चिकट किंजल्क असतो. परंतु ह्या दोहोंच्या मध्ये चोचीसारखा एक पातळ पडदा (चंचुक) असल्यामुळे पराग किंजल्कावर पडू शकत नाहीत. एकाच फुलात नर व मादी अवयव एकमेकांपासून काही मिलिमीटर अंतरावर असूनही स्वपरागण न होण्याचे कारण हा पडदा होय. किंजपुट अधःस्थ, लांबट, देठासारखा व एका कप्प्याचा असतो. बोंड लोंबते, साधारण त्रिकोणी काटाचे, १५ ते २५ सेंमी. लांब असून त्यात असंख्य, काळी, अतिसूक्ष्म बीजे असतात. हिरव्या फळास व्हॅनिलाचा वास मुळीच नसतो.

इतिहास : मेक्सिकोच्या आखातालगतच्या सध्याच्या व्हेराक्रूस राज्यातील तोतोनाक लोक व्हॅनिलाची जोपासना फार पूर्वीपासून करीत होते. पंधराव्या शतकात त्यांचा प्रदेश ॲझटेकांच्या वर्चस्वाखाली गेल्यावर ह्या शेंगा खंडणीच्या रूपाने त्यांच्याकडे जाऊ लागल्या. ॲझटेक लोक कोकोच्या पेयात त्या मिसळीत. त्यांच्या भाषेतील व्हॅनिलाच्या नावाचा अर्थ ‘काळे फूल’ असा होतो. तो वाळलेल्या शेंगेच्या रंगास उद्देशून असावा. मेक्सिकोतील औषधी वनस्पतींविषयीच्या १५५२ मधील एका हस्तलिखितात ह्या वेलीचे चित्र आढळते. १५१९ ते १५२१ ह्या काळातील स्पॅनिश स्वारीनंतर कोकोबरोबर व्हॅनिलाही यूरोपात पोहोचली. ‘व्हॅनिला’ हे नाव ‘लहान शेंग’ अशा अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून आले आहे. सुमारे तीन शतके मेक्सिको हाच तिचा एकमेव महत्त्वाचा पुरवठादार होता.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील पादचाऱ्यांच्या नव्हे, तर श्रीमंत संग्राहकांच्या काचगृहांत ही वेल वाढविली जाऊ लागली. चार्ल्स ग्रेव्हिल ह्यांच्या संग्रहातील वेलीला तेथे फुले आली व तिची कलमे पुढे बेल्जियम व फ्रान्समधील उद्यानांत गेली. तेथून ती हिंदी महासागरातील बूर्बाँ (सध्याचे रेयून्यों) बेटावर व जावा येथे नेण्यात आली. सर्वत्र वेली जोमाने वाढल्या, फुलल्याही. परंतु शेंगा धरेनात. मेक्सिकोतील परागण करणारे कीटक अन्यत्र नसल्यामुळे असे घडत होते. १८३६ मध्ये बेल्जियममधील लिएज येथे शार्ल मॉराँ ह्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी फुलांचे हाताने परागण करून शेंगा मिळविल्या. तथापि त्यांची पद्धत मळ्यातील कामास सोयीची नव्हती.

व्यवहारात उपयोगी पडलेली पद्धत १८४१ मध्ये बूर्बाँ बेटावरील सेंत-सुझान येथे एदमाँ नावाच्या सुमारे बारा वर्षांच्या एका गुलाम मुलाने शोधून काढली. त्याचे मालक फेरेओल बेलिए-बोमाँ ह्यांना वनस्पतींचा छंद होता व त्यांनी त्याला कलिंगडवर्गीय वेलीच्या फुलांचे परागण करण्यास शिकविले होते. मळ्यातील अनेक वर्षे वांझ राहिलेल्या व्हॅनिलाच्या वेलीवर शेंगा लागलेल्या पाहून मालकांनी चौकशी केली, तेव्हा एदमाँने फूल फाडून पडदा काडीने कसा उचलावयाचा व पराग किंजल्कावर अंगठ्याने कसे दाबावयाचे, हे करून दाखविले. त्यानंतर इतर मळ्यांतील गुलामांना ही क्रिया शिकविण्यासाठी त्याला ठिकठिकाणी पाठविण्यात आले. १८४८ मध्ये बेटावरील गुलामगिरी संपुष्टात आल्यावर त्याला आल्ब्यूस हे आडनाव मिळाले. त्याच्या शोधामुळे बेटावर एक नवा व्यवसाय उभा राहिला. पण त्याला स्वतःला त्याचा आर्थिक लाभ झाला नाही. एका वनस्पतिशास्त्रज्ञाने ह्या शोधाच्या श्रेयावर हक्कही सांगितला. तेव्हा बेलिए-बोमाँ ह्यांनी एदमाँची बाजू लेखी मांडली. १८८० मध्ये एदमाँ आल्ब्यूसचे दारिद्र्यात निधन झाले. त्याची पद्धत आजही जगभर जवळजवळ जशीच्या तशी वापरली जाते.

बूर्बाँवरून ही वेल मादागास्कर व कोमोरो बेटांवर गेली. ह्या भागातील माल ‘बूर्बाँ व्हॅनिला’ ह्या नावाने ओळखला जातो. विसाव्या शतकात मादागास्कर हा जगातील सर्वांत मोठा उत्पादक बनला. त्याच्या ईशान्येकडील सांबाव्हा, आंतालाहा हा भाग लागवडीसाठी विशेष प्रसिद्ध आहे. इंडोनेशिया, युगांडा, पापुआ न्यू गिनी व मेक्सिको येथेही लागवड होते.

हवामान व जमीन : पिकाला उष्ण व दमट हवामान मानवते. तापमान २१° ते ३२° से. आणि वार्षिक पाऊस १५० ते ३०० सेंमी. असून तो वर्षातील बऱ्याच महिन्यांत विभागलेला असावा. फुले येण्यापूर्वी सुमारे दोन महिन्यांचा कोरडा काळ मिळाल्यास फुलोरे भरपूर येतात. वर्षभर सतत पाऊस पडल्यास वेल वाढत राहते, पण फुले कमी येतात. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस सु. २५ अंशांपर्यंत व समुद्रसपाटीपासून सु. १,००० मी. उंचीपर्यंत लागवड यशस्वी होते. वेलीला सुमारे निम्मा सूर्यप्रकाश अडविणारी सावली लागते. प्रखर उन्हाने पाने पिवळी पडून करपतात; दाट सावलीत वेल बारीक व लांबट होऊन फुले थोडी येतात. जमीन भुसभुशीत, सेंद्रिय द्रव्याने समृद्ध, साधारण उताराची व पाण्याचा उत्तम निचरा होणारी असावी. मुळांशी पाणी साचून राहिल्यास ती लवकर कुजतात.

आधारवृक्ष : वेलीला आधार व सावली अशा दोन्हींसाठी लवकर वाढणारी, बारीक पानांची व कमी उंचीवर फांद्या फुटणारी झाडे निवडतात. गिरिपुष्प, पांगारा, पांढरा चाफा व सुरू ह्यांचा त्यासाठी उपयोग करतात. त्यांची लागवड वेलीच्या आधी निदान सहा महिने करतात. दोन ओळींत २.५ ते ३ मी. व ओळीतील दोन झाडांत १.५ ते २ मी. अंतर ठेवतात. आधारवृक्षाची छाटणी करून फांद्या सु. १.५ मी. उंचीवर ठेवतात, म्हणजे फुले हाताच्या टप्प्यात राहतात. पोफळीच्या व माडाच्या बागांत मिश्रपीक म्हणूनही व्हॅनिला लावतात.

अभिवृद्धी व लागवड : बीजे अतिसूक्ष्म व कठीण कवचाची असून त्यांत अन्नसाठा नसतो, निसर्गात त्यांच्या रुजण्यास कवकाचे साहाय्य लागते. त्यामुळे बियांपासूनची अभिवृद्धी केवळ प्रयोगशाळेत, नवीन संकर निर्माण करण्यासाठी करतात. लागवडीसाठी खोडाची छाट कलमे किंवा ऊतक-संवर्धनाने तयार केलेली रोपे वापरतात. निरोगी व जोमदार वेलीपासून ६० ते १०० सेंमी. लांबीची कलमे घेतात. लांब कलमांना फुले लवकर येतात. कलमाच्या खालच्या तीन-चार पेरांवरील पाने काढून ते १% बोर्डो मिश्रणात बुडवितात व सावलीत ७ ते १० दिवस ठेवतात. ह्या काळात छाट भरून येतो, कलम थोडे मलूल होऊन लवचिक बनते व लावताना मोडत नाही.

कोकण व केरळसारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशांत पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लागवड करणे इष्ट ठरते. आधारवृक्षाच्या बुंध्याजवळ जमीन मोकळी करून कलमाचा पाने काढलेला भाग आडवा ठेवतात व त्यावर कुजलेल्या पालापाचोळ्याचा पातळ थर देतात. कापलेले टोक मातीच्या किंचित वर राहू देतात, म्हणजे ते कुजत नाही. कलमाचा वरचा भाग केळीच्या सोपटाने आधाराला सैल बांधतात. सु. एक ते दोन महिन्यांत मुळे फुटून नवीन वाढ दिसू लागते.

निगा : मुळे जमिनीच्या अगदी वरच्या थरात असल्याने बुंध्याजवळ खणणे वा खुरपणे टाळतात, तण हाताने उपटतात. वेलीचे पोषण मुख्यतः कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांतून होत असल्यामुळे वर्षातून तीन-चार वेळा पालापाचोळा, आधारवृक्षाची छाटलेली पाने, चांगले कुजलेले शेणखत वा गांडूळ खत ह्यांचे आच्छादन देतात. नायट्रोजन, फॉस्फरस व पोटॅश असलेल्या मिश्रखताचा १% विद्राव पानांवर फवारणेही हितावह असते. उन्हाळ्यात आच्छादन ओलसर राहील इतपतच पाणी देतात.

वेल सरळ वर वाढत गेली, तर तिला फुले येण्याचे प्रमाण अत्यल्प असते. म्हणून ती सु. १.५ मी. उंचीवर पोहोचली की, आडव्या फांदीवरून खाली लोंबती सोडतात. जमिनीजवळ आल्यावर पुन्हा वर चढवितात. ह्या वळविण्यामुळे लोंबत्या भागात अन्नद्रव्ये साठून फुलोरे येण्यास चालना मिळते. फुलोऱ्याच्या हंगामापूर्वी सहा ते आठ महिने लोंबत्या वेलीचा ७ ते १० सेंमी. लांबीचा शेंडा खुडतात. लागवडीपासून साधारणतः तिसऱ्या वर्षी फुले येऊ लागतात.

कुंडीत किंवा हरितगृहात वाढविण्यासाठी नारळाचा काथ्या, कोळशाचे तुकडे व पानांचे खत ह्यांचे सच्छिद्र मिश्रण वापरतात. शेवाळ गुंडाळलेला खांब आधाराला देऊन तो ओलसर ठेवतात, म्हणजे हवेतील मुळे त्यात शिरतात. मात्र वेल काही मीटर लांब होईपर्यंत फुलत नाही, हे ध्यानात घेऊन तिला पुरेशी जागा द्यावी लागते.

परागण : मेक्सिकोमध्ये नैसर्गिक रीत्या फार थोड्या, सु. १% फुलांनाच फळे धरतात. हे परागण मेलिपोना ह्या डंखहीन मधमाश्या करतात, असे दीर्घकाळ मानले जात असे. परंतु त्या माश्या आकाराने लहान असल्यामुळे ह्या मताविषयी शंका घेण्यात आली. चमकदार हिरव्या रंगाच्या यूग्लॉसा प्रजातीतील माश्या हे कार्य करीत असाव्यात, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात.

भारतात फुलांचा हंगाम सामान्यतः डिसेंबर ते एप्रिल असा असतो. परागण सकाळी सहा ते दुपारी बारापर्यंत करतात. त्यासाठी टोक केलेली बांबूची काडी, माडाचा हीर किंवा दात कोरण्याची काडी पुरते. डाव्या हातात फूल धरून उजव्या हातातील काडीने ओष्ठ उभा फाडतात व स्तंभ उघडा करतात. नंतर काडीच्या टोकाने मधला पडदा वर उचलून मागे सारतात आणि डाव्या अंगठ्याने परागकोश हलकेच दाबून पराग किंजल्काला चिकटवितात. सरावाने ही क्रिया काही सेकंदांत होते व एक कुशल कामगार दिवसाला १,००० ते १,५०० फुलांचे परागण करू शकतो. हे काम बहुतेक ठिकाणी स्त्रिया करतात. परागण साधल्यास कोमेजलेले फूल किंजपुटाला चिकटून राहते. न साधल्यास ते दोन-तीन दिवसांत गळून पडते. फुले अनेक आठवडे टप्प्याटप्प्याने उमलत असल्याने मळ्यात रोज फेरी घालावी लागते. एक सकाळ चुकली, तर त्या दिवसाची फुले वाया जातात.

सर्वच फुलांचे परागण करीत नाहीत. एका मंजरीवर ८ ते १० व एका वेलीवर साधारण १० मंजऱ्या एवढ्याच फळांसाठी ठेवतात. अधिक शेंगा धरू दिल्यास त्या आखूड राहतात, वेल दुबळी होते व रोगास बळी पडते.

काढणी : परागणानंतर सु. सहा आठवड्यांत शेंगेची लांबी पूर्ण होते. परंतु पक्व होण्यास तिला आठ ते दहा महिने लागतात. शेंगेचे खालचे टोक पिवळे पडू लागले की, ती तोडतात. सर्व शेंगा एकाच वेळी तयार होत नसल्याने त्या एकेक निवडून घ्याव्या लागतात. कोवळ्या शेंगांत स्वादाचे पूर्वद्रव्य पुरेसे तयार झालेले नसते, तर अतिपक्व शेंगा वेलीवरच तडकतात. भाव चढे असताना चोरीच्या भीतीने शेंगा अकाली तोडल्या जातात व मालाची प्रत घसरते. मादागास्करमध्ये काही शेतकरी चोरी ओळखता यावी म्हणून हिरव्या शेंगांवर टाचणीने आपली खूण टोचून ठेवतात. ती वाळलेल्या शेंगेवरही कायम राहते.

प्रक्रिया : हिरव्या शेंगेत व्हॅनिलीन हे ग्लुकोव्हॅनिलीन ह्या गंधहीन ग्लुकोसाइडाच्या रूपात असते. शेंगेतील एंझाइमांची त्यावर क्रिया होऊन व्हॅनिलीन मुक्त होते. ही क्रिया सावकाश व पूर्णत्वाने घडवून आणणे, हा प्रक्रियेचा हेतू असतो. तिच्या चार अवस्था आहेत. (१) शेंगा ६३° ते ६५° से. तापमानाच्या पाण्यात सु. तीन मिनिटे बुडवितात. त्यामुळे शेंगेची वाढ थांबते व पेशींतील घटक एकमेकांत मिसळतात. (२) गरम शेंगा लगेच लोकरीच्या कांबळ्यांत गुंडाळून लाकडी पेट्यांत ठेवतात. त्यांना घाम सुटल्यासारखे पाणी सुटते व त्या गडद तपकिरी होतात. पुढे आठ-दहा दिवस त्या रोज काही तास उन्हात तापवून पुन्हा कांबळ्यांत गुंडाळतात. (३) नंतर हवेशीर खोलीत, सावलीत फळ्यांवर पसरून दोन ते तीन महिने सावकाश वाळवितात. (४) शेवटी प्रतवारी करून जुड्या बांधतात व बंद पेट्यांत सु. तीन महिने मुरत ठेवतात. बुरशी लागलेल्या शेंगा वेळोवेळी वेगळ्या काढतात. उत्तम शेंग लांब, काळसर तपकिरी, तेलकट चकाकीची व बोटाभोवती गुंडाळता येईल इतकी लवचिक असते; काही शेंगांवर व्हॅनिलिनाचे सुईसारखे शुभ्र स्फटिक जमतात. पाच ते सहा किग्रॅ. हिरव्या शेंगांपासून एक किग्रॅ. तयार माल मिळतो. म्हणजे एक किग्रॅ. मालासाठी काही शेकडे फुलांचे परागण करावे लागते. लागवडीपासून पहिला माल हाती येईपर्यंत चार वर्षे लागतात.

रासायनिक घटक व कृत्रिम व्हॅनिलीन : चांगल्या शेंगांत सु. २% व्हॅनिलीन असते. त्याशिवाय पॅरा-हायड्रॉक्सिबेंझाल्डिहाइड, व्हॅनिलिक अम्ल इ. दोनशेंहून अधिक बाष्पनशील घटक अल्प प्रमाणात असून नैसर्गिक व्हॅनिलाचा भरदार स्वाद त्या सर्वांच्या मिश्रणातून येतो. १८५८ मध्ये निकोला तेओदोर गॉब्ले ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी शेंगांपासून व्हॅनिलीन शुद्ध रूपात वेगळे केले. १८७४ मध्ये फेर्डिनांट टीमान व व्हिल्हेल्म हार्मान ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी सूचिपर्णी वृक्षांतील कोनिफेरीन ह्या द्रव्यापासून त्याचे संश्लेषण केले. पुढे लवंगेच्या तेलातील यूजेनॉल, कागद कारखान्यांच्या टाकाऊ द्रवातील लिग्निन व खनिज तेलजन्य ग्वायाकॉल ह्यांपासून ते स्वस्तात तयार होऊ लागले. जगात वापरल्या जाणाऱ्या व्हॅनिलिनापैकी शेंगांपासून मिळणारा भाग एक टक्क्याहूनही कमी आहे. कृत्रिम द्रव्याच्या ह्या स्वस्ताईमुळे नैसर्गिक मालाचा भाव फार वाढला की, उत्पादक कारखाने तिकडे वळतात व शेतकऱ्याची मागणी एकाएकी आटते.

रोग व कीड : फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ह्या कवकामुळे होणारी मूळकूज व खोडकूज हा सर्वांत घातक रोग होय. मुळे तपकिरी होऊन मरतात, वेल सुकते; ती हवेतील नवी मुळे सोडून जगण्याचा प्रयत्न करते, परंतु जमिनीत शिरताच तीही कुजतात. हे कवक जमिनीत दीर्घकाळ टिकून राहते. पावसाळ्यात फायटोफ्थोरा कवकामुळे शेंगा, पाने व शेंडे कुजतात. काही व्हायरसांमुळे पानांवर चट्टे पडून वाढ खुंटते. निरोगी कलमांची निवड, उत्तम निचरा, योग्य सावली, मर्यादित शेंगा, रोगट भागांचा नाश, १% बोर्डो मिश्रणाची फवारणी आणि ट्रायकोडर्मा ह्या उपयुक्त कवकाचा आच्छादनात वापर हे प्रतिबंधक उपाय होत. गोगलगाई कोवळे शेंडे व कळ्या खातात. त्या हाताने वेचून नष्ट करतात.

आनुवंशिक पाया : हिंदी महासागरातील बेटांवर व तेथून इतरत्र पसरलेल्या लागवडीतील बहुसंख्य वेली एकाच वा अत्यल्प मूळ वेलींच्या कलमांची संतती असल्याचे डीएनए परीक्षणावरून आढळून आले आहे. कलमांनी केलेल्या अभिवृद्धीमुळे, तसेच एकाच फुलातील परागाने केलेल्या परागणातून आलेली बीजे न वापरल्यामुळे, त्यांत नवे गुणसंयोग निर्माण झालेले नाहीत. त्यामुळे एका वेलीला घातक ठरणारा रोग सर्व मळ्यांना घातक ठरू शकतो. रोगप्रतिकारक गुण वन्य वेली व संबंधित जातींतच शोधावे लागतात. परंतु मूळ प्रदेशातील वने तोडली गेल्याने प्रस्तुत जातीच्या वन्य वेली दुर्मिळ झाल्या असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिचा समावेश संकटग्रस्त जातींत केला आहे. २०२० मध्ये ह्या वनस्पतीच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला. प्रतिकारक्षम व पडदा नसलेल्या, म्हणजेच आपोआप परागण होणाऱ्या, प्रकारांच्या शोधास त्याचे साहाय्य होण्यासारखे आहे.

भारतातील लागवड : भारतात व्हॅनिला प्रजातीच्या काही वन्य जाती पश्चिम घाट, ईशान्य भारत व अंदमान बेटे येथे आढळतात. त्यांपैकी व्हॅनिला वॉकेरी व व्हॅनिला ॲफिला ह्या जातींच्या वेलींना पूर्ण वाढलेली पाने नसतात. कोझिकोड येथील भारतीय मसाला संशोधन संस्थेत प्रस्तुत जातीचा व्हॅनिला ॲफिला ह्या जातीशी संकर करण्यात आला आहे.

व्यापारी लागवड १९९० नंतर केरळ, कर्नाटक व तमिळनाडू ह्या राज्यांत मसाला मंडळाच्या प्रोत्साहनाने वाढली. एप्रिल २००० मध्ये मादागास्करच्या लागवड क्षेत्राला चक्रीवादळाचा तडाखा बसून जगातील पुरवठा घटला व भाव चढत गेले. २००३ च्या सुमारास भारतात हिरव्या शेंगांना किलोस ३,००० रुपयांहून अधिक भाव मिळाला. अनेक शेतकऱ्यांनी मिरी व कॉफीच्या मळ्यांत कर्ज काढून व्हॅनिला लावली. कलमेही चढ्या दराने विकली गेली. त्यांच्या वेली फुलावर येईपर्यंत मादागास्करचे उत्पादन पूर्ववत झाले, मोठे ग्राहक कृत्रिम व्हॅनिलिनाकडे वळले आणि पुढील काही वर्षांत हिरव्या शेंगांचा भाव १०० रुपयांच्याही खाली गेला. परागणाची मजुरीही निघेना, तेव्हा बहुतेक मळे सोडून देण्यात आले. काही कूज रोगाने नष्ट झाले. मार्च २०१७ मधील चक्रीवादळानंतर जागतिक भाव पुन्हा अतिशय वाढून नंतर उतरले. कोकणात व गोव्यातील कुळागरांत माड-पोफळीच्या सावलीत ही वेल काही प्रमाणात लावली जाते. येथील दमट हवा तिला मानवते. मात्र पावसाळ्यातील निचरा व जानेवारी ते मे ह्या काळातील पाण्याची सोय ह्या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. लागवडीपासून उत्पन्नापर्यंतचा काळ व भावातील चढउतार लक्षात घेता व्हॅनिला हे एकमेव पीक न ठेवता मिरी, जायफळ, केळी ह्यांच्या जोडीचे पूरक पीक म्हणून घेणे अधिक सुरक्षित असते.

उपयोग : आइसक्रीम, चॉकलेट, केक, बिस्किटे, मिठाई व पेये ह्यांना स्वाद आणण्यासाठी व्हॅनिलाचा मोठ्या प्रमाणावर उपयोग होतो. त्यासाठी शेंगांचे तुकडे अल्कोहॉल व पाण्याच्या मिश्रणात मुरवून अर्क काढतात. अमेरिकेत अशा अर्कात किमान ३५% अल्कोहॉल असणे कायद्याने आवश्यक आहे. शेंगेतील बारीक काळी बीजे दुधात वा साखरेत मिसळूनही वापरतात. अत्तरे व सौंदर्यप्रसाधने ह्यांतही व्हॅनिला घालतात. हिरव्या शेंगा हाताळणाऱ्या व प्रक्रिया करणाऱ्या कामगारांपैकी काहींना वेलीतील रसामुळे त्वचेवर पुरळ व खाज उद्‌भवते. म्हणून वेली छाटताना हातमोजे वापरणे योग्य ठरते.